खालचं पान की शेंड्याचं? टाकीतल्या झाडांची दुखणी ओळखताना

माझे काका अंबड तालुक्यात मोसंबी आणि कापूस करतात. अ‍ॅक्वेरियमशी त्यांचा काडीचा संबंध नाही, मासा त्यांना फक्त कालवणातला ठाऊक. दोन वर्षांखाली दिवाळीला ते संभाजीनगरला आमच्याकडे आले, तेव्हा मी टाकीसमोर तोंड पाडून बसलो होतो. हौसेनं लावलेली झाडं, त्यातली निम्मी पिवळी. दुकानदारानं दिलेल्या तीन बाटल्या ओतून झाल्या होत्या. काकांनी चष्मा पुसला, काचेजवळ वाकले आणि म्हणाले, "पिवळं पडायलंय ते खालचं पान का शेंड्याचं?"

मला सांगता येईना. पानं पिवळी पडली एवढंच मी पाहिलं होतं.

"मग औषध कशाचं टाकलास?" एवढं बोलून ते फराळाला बसले.

टाकीतल्या झाडांबद्दल मी पुढं जे काही शिकलो त्याची सुरुवात त्या प्रश्नातून झाली. त्यामागचं शास्त्र अवघड नाही. झाडाच्या अंगात काही अन्नद्रव्यं फिरती असतात आणि काही एकदा बसली की हलत नाहीत. नायट्रोजन, फॉस्फरस, पालाश म्हणजे पोटॅशियम, आणि मॅग्नेशियम ही फिरती. ती कमी पडली की झाड जुन्या पानांतून ती काढून घेतं आणि नव्या कोंबाला पुरवतं. पडक्या वाड्याचं सागवान काढून नव्या घराला लावतात ना, तसं. म्हणून या चौघांचा तुटवडा आधी खालच्या, जुन्या पानांवर दिसतो. लोह आणि कॅल्शियम म्हणजे भिंतीत चिणलेले दगड. ते जुन्या पानातून निघत नाहीत, त्यामुळे बाहेरून पुरवठा थांबला की नवं बांधकामच अडतं आणि दुखणं शेंड्यावर दिसतं.

आता लक्षणं. खालचं पान सरसकट फिकं पिवळं होत शेवटी काचेसारखं आरपार दिसायला लागलं तर नायट्रोजनवर संशय घ्यावा. जुन्या पानाला टाचणीनं टोचल्यासारखी बारीक भोकं, भोकाभोवती पिवळी-तपकिरी कड आणि मग ती भोकं मोठी होत जाणं, हे पालाशचं काम. जुन्या पानाच्या शिरा हिरव्या आणि शिरांमधली जागा पिवळी असेल तर मॅग्नेशियम. कापसाची पानं लाल पडतात तो लाल्या ज्यांनी पाहिलाय त्यांना ही गोष्ट ओळखीची वाटेल. त्याच्या कारणांमध्ये मॅग्नेशियमची कमतरता हे एक मोठं कारण आहे आणि त्याचीही सुरुवात खालच्या पानांपासून होते. फॉस्फरस मात्र चकवतो. पान पिवळं पडत नाही, झाड नुसतं खुरटतं, नवी पानं लहान आणि गडद येतात आणि जुन्या पानांवर नखानंही न निघणारे हिरवे ठिपके बसतात.

शेंड्याकडचं नवं पान फिकट, कधी जवळजवळ पांढरं, आणि त्यात शिरा तेवढ्या हिरव्या राहिल्या तर ते लोह. चुनखडीच्या रानात उसावर जो केवडा पडतो तो हाच. नवं पान वाकडं, आखूड, मुडपलेलं, टोकाशी जळल्यासारखं आलं तर कॅल्शियमकडे पाहावं.

पण एवढ्यावर बाटली उघडायची घाई करू नका. शेतातल्या पिकाला जो प्रश्न कधी पडत नाही तो टाकीत सगळ्यात आधी विचारावा लागतो. झाड खरंच आजारी आहे का?

दुकानात आपण विकत घेतो त्यातली पुष्कळशी झाडं पाण्याखाली वाढलेलीच नसतात. नर्सरीत त्यांची मुळं ओली आणि पानं हवेत असतात. तशी ती लवकर वाढतात, शेवाळ धरत नाहीत, प्रवासात टिकतात. हवेतल्या पानाला वाळण्यापासून वाचायला वरून मेणासारखा थर असतो आणि श्वास घ्यायला छिद्रं असतात. पाण्याखाली या दोन्हीचा उपयोग नाही. त्यामुळे टाकीत लावल्यावर दोन-तीन आठवड्यांत झाड ती जुनी पानं सोडून देतं आणि पाण्यातली, पातळ, वेगळ्या आकाराची पानं काढायला घेतं. मधल्या काळात जुनी पानं विरघळतात. अक्षरशः विरघळतात, हातात घेतली तर शेंबडासारखी होतात. क्रिप्टोकोरिन तर याबाबतीत फारच मानी. जागा बदलली, पाणी बदललं, एकदम उष्मा वाढला की चार दिवसांत सगळी पानं टाकून मोकळं. वरून बघणाऱ्याला वाटतं मेलं. खाली गड्डा टणक असेल तर ते जिवंत आहे. विरघळलेली पानं कात्रीनं काढा म्हणजे पाणी नासणार नाही, आणि गड्ड्याला हात लावू नका. महिनाभरात नवं पान येतं. मी माझं पहिलं क्रिप्टोकोरिन असंच उपटून कचऱ्यात टाकलं होतं. त्याचा गड्डा पांढराशुभ्र, टणक होता. आज आठवलं तरी वाईट वाटतं.

अनुबियास आणि जावा फर्न यांची तऱ्हा वेगळी. यांचं आडवं जाड खोड असतं, त्यातून वर पानं आणि खाली मुळं फुटतात. हे खोड वाळूत पुरलं की कुजतं. आपल्याकडं रोप म्हणजे मातीत खोचायचं अशी हाताला सवय, त्यामुळे बहुतेकांची पहिली अनुबियास अशीच जाते. हळद-आल्याचा कंद आपण पुरतो, पण हे तसं नाही. दगडाला नाहीतर लाकडाला दोऱ्यानं बांधा, मुळं आपोआप धरतील. खोड मऊ पडून वास यायला लागला असेल तर कुजलेला भाग ब्लेडनं छाटून टणक राहिलेला तुकडा वाचवता येतो. आणि जावा फर्नच्या पानामागं काळे-तपकिरी ठिपके ओळीनं दिसले तर घाबरू नका. ते रोग नाहीत, बीजाणूंचे पुंजके आहेत. त्याच पानावर पुढं छोटी रोपंही फुटतात.

हे सगळं पाहून झालं आणि तरी झाड खंगत असेल तर आपल्या पाण्याकडे यायचं. मराठवाड्यात खरा पेच इथं आहे.

आपला मुलूख काळ्या बेसाल्टचा. या खडकातून झिरपलेलं बोअरचं पाणी बहुतेक ठिकाणी कॅल्शियम, मॅग्नेशियम आणि बायकार्बोनेट घेऊन येतं. साबणाला फेस येत नाही, डाळ शिजत नाही, गिझरची कॉईल पांढरी होते, हे ज्या घरात आहे तिथं टाकीतही तेच पाणी असणार. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात एकूण कठीणपणा लिटरला २०० मिलिग्रॅमपर्यंत चांगला आणि दुसरा स्रोत नसेल तर ६०० पर्यंत चालवून घ्यायचा असं आहे. अ‍ॅक्वेरियमवाले कठीणपणा अंशात मोजतात. १ अंश म्हणजे लिटरला साधारण १८ मिलिग्रॅम, म्हणजे २०० ला ११ अंश आणि ६०० ला ३३. आरओ दुरुस्तीवाल्याकडचा टीडीएसचा पेन फक्त एकूण विरघळलेले क्षार सांगतो. कठीणपणासाठी थेंब टाकून रंग बघायची किट वेगळी मिळते, ती एकदा घ्याच. संभाजीनगरात नाथसागराचं, म्हणजे जायकवाडी धरणाचं, नळाचं पाणी आणि घरच्या बोअरचं पाणी यांची मी तपासणी केली तेव्हा एकाच घरात दोन नद्या वाहताहेत असं वाटलं.

कठीण पाणी झाडाला वाईट नसतं. व्हॅलिस्नेरिया, हायड्रिला आणि हॉर्नवर्ट तर अशा पाण्यात माजतात, कारण त्यांना पाण्यातल्या बायकार्बोनेटमधून कार्बन ओढून घेता येतो. तसं करताना पानाच्या पृष्ठभागावर चुना बसतो. पान खरबरीत, पांढरट दिसतं आणि माणूस बुरशीचं औषध शोधायला लागतो. एक पान तोडून त्यावर लिंबू पिळा. बारीक बुडबुडे उठले तर तो चुनाच. त्याला काही करायचं नाही. मॉसला मात्र ही युक्ती जमत नाही, म्हणून आपल्या पाण्यात व्हॅलिस्नेरिया वेड्यासारखी पसरते आणि शेजारचं जावा मॉस तपकिरी होऊन बसतं. पहिल्यांदाच टाकी लावणाऱ्याला मी व्हॅलिस्नेरिया, हायड्रिला आणि अनुबियास एवढंच सांगतो. लाल रोटालाचे फोटो बघून जीव जळत असेल तर तो पहिल्या वर्षी जळू द्यावा.

कठीण पाण्याचा खरा त्रास लोहाच्या बाबतीत होतो. असं पाणी बहुधा ८ च्या आसपासच्या सामूचं (पीएचचं) असतं आणि त्यात साधं लोह टिकत नाही, गंजून तळाला बसतं. म्हणून लोह चिलेट करून, म्हणजे एका सेंद्रिय रेणूच्या मुठीत धरून देतात. पण प्रत्येक मूठ सारखी घट्ट नसते. कृषी केंद्रात फवारणीसाठी मिळणारं लोह बहुतेक वेळा ईडीटीए नावाच्या चिलेटचं असतं. त्याची मूठ सामू ६.५ च्या वर गेला की सुटायला लागते. डीटीपीए साधारण ७.५ पर्यंत धरतं. ईडीडीएचए ९ पर्यंतही सोडत नाही, पण पाणी लाल करतं, टाकीत कोकम सरबत केल्यासारखं. मी आठवडाभर ईडीटीएचं लोह टाकत होतो आणि शेंडे पांढरेच. बाटलीत खोट नव्हती, माझ्या पाण्यात ते दिवसभरही टिकत नव्हतं. अशा पाण्यात डीटीपीएचं लोह थोडं थोडं, दिवसाआड द्यावं. क्रिप्टोकोरिन आणि अमेझॉन स्वोर्डसारखी मुळांवर जगणारी झाडं असतील तर मुळाशी खताची गोळी पुरावी. वाळूच्या आत प्राणवायू कमी असतो, तिथं लोह झाडाला घेता येईल अशा रूपात राहतं.

पाणी कठीण म्हणून काहीजण दुसऱ्या टोकाला जातात आणि आरओचे जार आणून टाकी भरतात. त्या पाण्यात कॅल्शियम नाही, मॅग्नेशियम नाही, जवळपास काहीच नाही. महिनाभरात नवी पानं वाकडी यायला लागतात. अर्धं आरओ आणि अर्धं बोअर एवढ्यावर बहुतेक झाडं खूश असतात. आणि बाथरूमला बसवलेल्या सॉफ्टनरचं पाणी टाकीत घेऊ नका. मिठावर चालणारा सॉफ्टनर कॅल्शियम-मॅग्नेशियम काढून त्या जागी सोडियम देतो. केसांना ते बरं, झाडाला त्यात खायला काही नाही.

खतांकडे वळतो, कारण इथं आपल्याला मोठ्या शहरातल्या माणसापेक्षा एक फायदा आहे. ठिबकवाल्या प्रत्येक घरात विद्राव्य खतांची पोती असतात आणि त्यांचे आकडे पोरांनाही पाठ असतात. दुकानातल्या सुबक बाटलीत जे असतं तेच पुष्कळदा या पोत्यातही असतं. हे आकडे ओळीनं नायट्रोजन, फॉस्फरस आणि पालाश यांच्या टक्केवारीचे. १३:००:४५ म्हणजे पोटॅशियम नायट्रेट. १०० लिटर पाण्यात १ ग्रॅम टाकलं की नायट्रेट लिटरला ६ मिलिग्रॅमनं वाढतं आणि पालाश जवळपास ४ मिलिग्रॅमनं. नुसती भोकं पडत असतील आणि नायट्रेट आधीच पुरेसं असेल तर ००:००:५०, म्हणजे पोटॅशियम सल्फेट. १०० लिटर पाण्यात १ ग्रॅम दिलं की लिटरला साडेचार मिलिग्रॅम पालाश मिळतं. फॉस्फरससाठी ००:५२:३४, पण हे चिमटीच्याही चिमटीनं. १०० लिटर पाण्यात १ ग्रॅम टाकलं की लिटरला ७ मिलिग्रॅम फॉस्फेट जातं आणि झाडांना १ ते २ पुरतं. मॅग्नेशियम सल्फेट तेवढ्याच पाण्यात १ ग्रॅम दिलं तर लिटरला १ मिलिग्रॅम मॅग्नेशियम. बोअरच्या पाण्यात सहसा त्याची गरजच पडत नाही, आरओवाल्यांना पडते. नायट्रेट १० ते २० मिलिग्रॅमच्या दरम्यान राहिलं की बस. शेताकडेच्या बोअरमध्ये ते आधीच भरपूर असू शकतं, म्हणून मोजल्याशिवाय १३:००:४५ टाकू नये.

आता धोका. १९:१९:१९ टाकीत चुकूनही नको. १२:६१:०० नको, युरिया नको. या सगळ्यांत अमोनियम तरी असतं नाहीतर अमोनिया होणारं युरिया. सामू ७ असेल तर ३० अंश तापमानाला त्यातला १ टक्क्याहूनही कमी भाग विषारी अमोनियाच्या रूपात असतो. सामू ८ झाला की तोच भाग ७ टक्क्यांच्या वर जातो. म्हणजे आपल्या पाण्यात हे खत जवळपास दहापट विषारी. शेताला चालतं म्हणून टाकीला चालेल असं धरलं तर सकाळी सगळे मासे वर. सूक्ष्म अन्नद्रव्यांची शेतीतली मिश्रणंही टाळा. त्यात तांबं आणि जस्त असतं आणि कोळंबी व गोगलगायींना तांबं सोसत नाही. आणखी एक गोष्ट पुस्तकात सापडणार नाही म्हणून सांगतो. फवारणीच्या झाकणानं, मापानं, बादलीनं टाकीचं खत मोजू नका. मापाला चिकटलेल्या कीटकनाशकाचा एक थेंब कोळंबीची अख्खी वस्ती संपवायला पुरतो.

एक किलोचं पाकीट टाकीला किती वर्षं पुरेल याचा हिशेब मी काकांना सांगितला तेव्हा ते हसले. उरलेलं त्यांच्या ठिबकात गेलं.

एवढं खतपुराण सांगून झाल्यावर कबूल करतो की माझ्याकडे फोटो पाठवून विचारणाऱ्यांपैकी निम्म्यांचं दुखणं खताचं नसतंच. ते उजेड आणि कार्बन डायऑक्साइड यांच्या भांडणाचं असतं. उजेड म्हणजे झाडाच्या पाठीवरचा चाबूक. जितका लख्ख, तितकं झाड जोरानं धावणार आणि तितकं जास्त मागणार. पाण्यात कार्बन डायऑक्साइड हवेतल्यापेक्षा सुमारे १०,००० पट मंद पसरतो, आणि नुसत्या हवेच्या संपर्कातल्या पाण्यात तो लिटरला अर्ध्या मिलिग्रॅमच्या आसपास असतो. या वायूचा सिलिंडर टाकीला लावणारे तो २० ते ३० पर्यंत नेतात. सिलिंडर नाही आणि डोक्यावर ऑनलाइन मागवलेला भगभगीत एलईडी दहा तास, म्हणजे उपाशी बैलाला नांगराला जुंपण्यासारखं. पानं भोकाळतात, शेवाळ धरतं आणि आपण पालाश टाकत बसतो. अशा टाकीत पहिला उपाय उजेड कमी करायचा. सहा-सात तास पुरे. दिव्याला वर टांगा किंवा पाण्यावर थोडं तरंगतं झाड सोडा.

उलटही होतं. काडी लांबच लांब, पानं विरळ, खालची पानं पिवळी होऊन गळणारी, शेंडा मात्र हिरवागार. हे नायट्रोजनसारखं दिसतं, पण खाली उजेड पोचत नसतो. वरच्या फांद्या छाटून पुन्हा लावल्या की प्रश्न मिटतो. खालचं आणि शेंड्याचं पान पाहताना ते पान सावलीत होतं का, हेही पाहायचं. काकांच्या मोसंबीला सावलीचा प्रश्न नसतो, म्हणून त्यांनी ते विचारलं नसेल.

टायमरची गंमत सांगतो. स्वस्तात मिळणारा फिरत्या चकतीचा टायमर वीज गेली की जागीच थांबतो आणि वीज आली की तिथून पुढं निघतो. आमच्याकडे उन्हाळ्यात रोज तास-दीड तास वीज जायची. दुपारी चारला लागणारा दिवा सरकत सरकत रात्री नऊला लागून पहाटे चारला बंद व्हायला लागला. घरी सगळे झोपलेले, कुणाला पत्ता नाही, आणि सकाळी खिडकीतून ऊन येतंच. टाकीला दिवसाचे बारा-तेरा तास उजेड मिळत होता. मी महिनाभर शेवाळाला शिव्या घातल्या. बॅटरीवर घड्याळ चालू ठेवणारा डिजिटल टायमर घेतला आणि भानगड संपली.

सिलिंडर लावणाऱ्यांनी या भारनियमनाचा वेगळा विचार करावा. वीज गेली की वायू सोडणारा व्हॉल्व्ह बंद पडतो, चार तासांनी पुन्हा सुरू. कार्बन डायऑक्साइड असा वरखाली होत राहिला की पानांच्या कडेला काळी दाढी उगवते. हे शेवाळ हातानं निघत नाही. बाटलीत मिळणारा 'लिक्विड कार्बन' त्यावर चालतो, पण तो असतो ग्लुटरालडिहाइड नावाचं जंतुनाशक. व्हॅलिस्नेरिया आणि मॉस त्यानं विरघळू शकतात, म्हणजे आपल्याकडचं सगळ्यात तगडं झाडच आधी जातं. त्यापेक्षा खराब पान छाटणं बरं. बाकी शेवाळांबद्दल थोडक्यात. नव्या टाकीतला तपकिरी भुगा काही आठवड्यांत आपला आपण जातो. निळसर-हिरवी चिकट गोधडी, उचलली की मातकट घाण वास, ती खरं तर शेवाळ नसून जिवाणूंची वस्ती असते. ती हातानं ओढून काढा, तीन दिवस टाकी झाकून अंधार करा, पाणी खेळतं ठेवा.

भोकांबद्दल एक खुलासा. कडा पिवळ्या नाहीत, भोक स्वच्छ कातरल्यासारखं आहे, तर कुणीतरी खाल्लंय. गोल्डफिश असेल तर तपास तिथंच संपला. छोट्या गोगलगायी बहुधा आधीच मेलेला भाग खातात, त्यांच्यावर उगाच आळ येतो. कालव्यातून किंवा गावच्या तळ्यातून हायड्रिला आणणाऱ्यांनी ती दहा-पंधरा दिवस वेगळ्या बादलीत ठेवावी. त्यात चतुराच्या अळ्या येतात आणि त्या पिल्लं फस्त करतात. आणि छाटलेली परदेशी झाडं कालव्यात, विहिरीत टाकू नका. जलपर्णीनं आपल्या नद्यांचं काय केलंय ते दिसतंच आहे.

उरला उन्हाळा. बहुतेक टाकीतल्या झाडांना २२ ते २८ अंश मानवतात. एप्रिल-मे महिन्यात बाहेर ४२ असताना पत्र्याच्या घरात टाकीचं पाणी सहज ३२-३३ ला जातं. उष्म्यात झाडाचा श्वास वाढतो, कमाईपेक्षा खर्च जास्त होतो, आणि गरम पाण्यात प्राणवायूही कमी मावतो. पानं पातळ आणि मलूल होतात, क्रिप्टोकोरिन पुन्हा रुसतं. मुंबईवाल्यांना चिलर घ्यावा लागतो, आपल्याला आपल्या कोरड्या हवेचा फायदा. टाकीचं झाकण काढा आणि पाण्यावर वारा येईल असा छोटा पंखा लावा. माठातलं पाणी गार होतं त्याच न्यायानं दोन ते चार अंश उतरतात. उजेडाचे तास कमी करा आणि त्या दोन महिन्यांत खत निम्म्यावर आणा.

फक्त इथं एक फसवा हिशेब आहे. पंख्याखाली पाणी झपाट्यानं उडतं. उडतं ते शुद्ध पाणी, क्षार मागेच राहतात. समजा १०० लिटरच्या टाकीतून रोज २ लिटर उडालं आणि ४०० मिलिग्रॅम कठीणपणाच्या बोअरच्या पाण्यानं ते भरत गेलात. महिन्यात ६० लिटर भरले, म्हणजे २४ ग्रॅम क्षार आत गेले. पाणी बदललं नाही तर कागदावर कठीणपणा ४०० वरून ६४० झाला. मे अखेरीला झाडं का खुरटली हे मग कळत नाही. उन्हाळ्यात उडालेलं पाणी भरायला आरओचं पाणीच वापरावं. वीस लिटरचा एक जार दहा दिवस पुरतो.

पाणी बदलायचं म्हटलं की आपल्याकडे जीवावर येतं. २०१६ साली लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं होतं, अशा भागात आठवड्याला अर्धी टाकी ओतून द्या म्हणणारा माणूस शेजाऱ्यांच्या नजरेतून उतरतो. पण ते पाणी गटारात घालायचं कशाला? त्यात माशांच्या विष्ठेचं नायट्रेट असतं, आमची कढीपत्त्याची कुंडी आणि दारातली जास्वंद त्यावरच आहेत. झाडं भरपूर आणि मासे मोजके ठेवले तर आठवड्याला पाचवा हिस्सा बदललं तरी भागतं. नळ आला त्या दिवशीचं पाणी थेट टाकीत न घेता दिवसभर उघड्या भांड्यात ठेवा, क्लोरीन उडून जातं. टँकरच्या पाण्याचा भरवसा नसतो, त्याचा वास घेऊन बघा.

उपाय केला की लगेच दुसऱ्या दिवशी पानं बघायला जाऊ नका. पिवळं पडलेलं, भोकं पडलेलं जुनं पान पुन्हा पूर्वीसारखं होत नाही. त्याच्याकडे बघत राहिलात तर आपलं काही चुकतंय असं वाटून आणखी एक बाटली उघडाल. एक बदल करायचा, मग दोन-तीन आठवडे फक्त नवी पानं पाहायची. नवं पान निरोगी आलं की निदान बरोबर होतं. मी प्रत्येक रविवारी टाकीचा एकाच जागेवरून फोटो काढतो आणि कॅलेंडरच्या चौकोनात काय टाकलं ते लिहितो. गेल्या रविवारच्या चौकोनात 'पालाश १ ग्रॅम, तिसरा आठवडा, स्वोर्डची दोन नवी पानं, भोक नाही' असं आहे. त्याखाली 'अनुबियासच्या जुन्या पानावर हिरवे ठिपके, फॉस्फेट तपासणे' असं लिहून ठेवलंय. किट संपलीय, ती आणायची आहे.